साडेतीन मुहूर्तांचा कॉम्प्युटर

टरबूज आणायला जाऊन रिकाम्या पिशवीनं परत येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे नांदेडचे घरमालक, आमचे काका. उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांकडून टरबुजांच्या गाड्या यायच्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. काका पिशवी घेऊन निघायचे. एकेक टरबूज उचलायचं, बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, परत ठेवायचं. गाडीवाला आधी कौतुकानं बघायचा, मग तोंड फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. अख्खी गाडी ऐकून झाली की काका म्हणायचे, "चांगलीच हायेत सगळी. पण उद्याच्या गाडीत अजून चांगली येतील." इकडं घरात त्यांची मुलगी मंजूताई आणि मी सुरी-परात घेऊन बसलेल्या. काका आले की मंजूताई त्यांच्या हाताकडं बघायचीसुद्धा नाही. उठून सुरी जागेवर ठेवून यायची.

मला त्यांनी खोली दिली तीही अशीच, म्हणजे त्यांनी दिलीच नाही. मी मूळची चाकूरची. नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून खोली शोधत होते. त्यांच्या माडीवरची खोली कधीपासून रिकामी होती कोण जाणे, 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीवरची अक्षरं उन्हानं पार विटून गेली होती. काकांनी मला पाट टाकून बसवलं आणि विचारलं, झोपताना डोकं कुणीकडं करता, दार आपटता का, वांग्याची भाजी करताना फोडणी जळते का. मी सगळी उत्तरं दिली. ते म्हणाले, "बरं वाटलं. कळवतो. अजून एक-दोघं बघून राहिलो." पुढच्या आठवड्यात गेले तर तेच. त्यानंतर गेले तेव्हा काका घरी नव्हते. मंजूताईनं किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "सामान घेऊन या आजच. एकदा माणूस आत आलं की बाबा काढत न्हाईत. काढायचं पण त्यांना ठरवता येत न्हाई," ती म्हणाली.

काका सरकारी खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले होते. कालवे, चाऱ्या, बंधारे यांचे नकाशे काढण्यात हयात गेली. हात इतका सरळ की पट्टी न लावता मारलेल्या रेघेवरून पट्टी तपासावी. पण ती रेघ कुठं मारायची हे साहेब सांगायचे, म्हणून निभलं. निवृत्तीनंतर सांगणारं कोणी उरलं नाही. लोह्याला भावाकडं जायचं असलं की स्टँडवर जाऊन उभे राहायचे. पहिली गाडी सोडायची, कारण सावलीच्या बाजूची खिडकी गेलेली. दुसरी सोडायची, कारण कंडक्टर ओरडतो. दुपार कलली की घरी यायचे आणि म्हणायचे, "आता जाऊन काय उपयोग, अंधार पडंल." कोणी घाईचं बोललं की त्यांचं ठरलेलं, "घाईनं घर बांधलं अन् दार ठेवायचं इसरला, तशी गत."

या सगळ्यावर मी सुरुवातीला खूप हसले. चाकूरला आईला फोन करून रोज नवा किस्सा सांगायचे. हसू कमी होत गेलं ते काकूंचं कळल्यावर.

काकू जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. एका सकाळी पोटात दुखायला लागलं, काकांनी रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच करावं लागेल. काकांनी उभ्या उभ्या सही केली. काकू परत आल्या नाहीत. डॉक्टरांचं काही चुकलं असं कोणी म्हटलं नाही, काकांनीही नाही. पण एकदा गच्चीवर तुरीची डाळ वाळत घालताना ते आपणहून मला म्हणाले, "सगळ्या जिंदगीत एकदाच घाई केली पोरी. हैदराबादला न्यायचं होतं. निदान दुसऱ्या कुणाला तरी इचारायचं होतं." मी डाळीतले खडे काढत बसले.

हे मी मंजूताईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "आई होती तेव्हा घरात पंखा घ्यायला दोन उन्हाळे गेले होते. बाबा आधीपासून असेच. आई गेल्यावर त्यांना फक्त कारण सापडलं." हे ती रागानं बोलली नाही. आणखी थोडं पीठ घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

मंजूताई माझ्याहून बरीच मोठी, पस्तिशी ओलांडलेली. तिचं लग्न का झालं नाही हे गल्लीत कोणालाही विचारा. स्थळं आली नाहीत असं नाही. आली, बसली, पोहे खाल्ले, गेली. काकांनी एकालाही नाही म्हटलं नाही. सगळ्यांना कळवतो म्हटलं. चांगल्या नोकरीचा होता तर घर लांब, घर जवळ होतं तर नोकरी कच्ची. शेवटी मुदखेडचे एक मास्तर आले. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. मंजूताईला ते आवडले होते. आवडले म्हणजे काय, ती म्हणाली, "त्यांनी मला इचारलं, तुम्ही चित्रं काढता ती बघू का. दुसऱ्या कुणी इचारलं नव्हतं." काका म्हणाले, बिजवराला द्यायचं तर नीट विचार करू. त्यांचा विचार चालू असतानाच मास्तरांचं दुसरीकडं जमलं.

चित्रं म्हणजे घरांची. वडिलांकडून हात आला होता, पुढं ती कॉम्प्युटरवर शिकली. घर बांधायच्या आधी ते बाहेरून कसं दिसेल, रंग कोणता, गॅलरी कशी, दारात तुळस कुठं, हे सगळं ती खरं वाटावं असं काढायची. एका इंजिनिअरच्या ऑफिसात सकाळी त्याचा पुतण्या यायच्या आधी पुतण्याच्या कॉम्प्युटरवर बसून काम करायची. घरी एक म्हातारा लॅपटॉप होता. त्याच्यावर एक चित्र पूर्ण व्हायला अख्खी दुपार लागायची आणि मधेच अडकला की पुन्हा पहिल्यापासून. तिची चित्रं बघून पुण्याच्या एका आर्किटेक्ट बाईंनी कळवलं, घरबसल्या कायमचं काम देते, पण स्वतःचं दणकट मशीन पाहिजे. मंजूताईनं ते मला माडीवर येऊन सांगितलं. तिला एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुकानात जाऊन तयार कॉम्प्युटर उचलून आणता आला असता. तिनं तेच ठरवलंही होतं. पण रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला आणि काका म्हणाले, "तयार कशाला. एकेक भाग निवडून आपण बांधू. नकाशा मी करतो." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात प्रोसेसर आला. म्हणजे त्याचं नाव आलं.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तळहातात मावेल एवढी चौकोनी चकती, पण सगळं काम तिच्या जिवावर. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन, काकांच्या भाषेत निळ्या डब्याची आणि तांबड्या डब्याची. काका मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. बघता बघता त्यांना सगळं पाठ झालं. कोणाला किती कोअर, कोण किती वीज खातो, कोण उन्हाळ्यात किती तापतो. "कोअर म्हंजे मजूर असं समज," ते मला सांगायचे. "मजूर जास्त घेतले म्हंजे काम लवकर होतंयच असं न्हाई. मंजूच्या चित्राला मात्र मजूर लागतात." निळीबद्दल म्हणायचे, "जुन्या घरची हाय, नाव मोठं, पण सोभाव तापट." तांबडीबद्दल, "कष्टाळू हाय. पण आधी एकदा धंद्यात बसली होती, पुन्हा बसली तर?" दूधवाल्याला विचारायचे, शिंप्याला विचारायचे. नांदेडचा मे महिना त्याला झेपेल का, घडोघडी लाईट जाते त्यानं बिघडेल का. शिंपी बिचारा म्हणायचा, काका, मला बाहीचं माप इचारा.

मला चीड यायची. मी मंजूताईला म्हटलं, तू आण ना सरळ जाऊन. ती म्हणाली, "आई गेल्यापासून बाबा जेवताना बोलत नव्हते गं. ताटाकडं बघून जेवायचे अन् उठायचे. आता बघ. भात संपतो तरी बोलणं संपत न्हाई. मी तयार कॉम्प्युटर आणून ठेवला तर उद्यापासून काय बोलतील?" खरंच, काका जेवताना मजुरांचा हिशोब मांडायचे आणि ती ऐकत बसायची. त्या दोघांचा सगळा संसार त्या एका चकतीवर चालला होता.

दुकान स्टेशन रोडला होतं, रफीकभाईंचं. त्यांचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, वडील रेडिओ आणि टीव्ही, आणि हे कॉम्प्युटर. दुकानाच्या एका कोपऱ्यात आजोबांचं स्टूल अजून होतं, त्याच्यावर काका बसायचे. इतके बसायचे की नवीन गिऱ्हाईक त्यांनाच भाव विचारायचं. रफीकभाईंचा संयम मी पाहिलेल्या माणसांत सर्वांत मोठा. पण एक दिवस तेही म्हणाले, "काका, आमच्या धंद्यात सगळ्यात चांगला माल कधीच येत न्हाई. तो पुढच्या सालीच येतो. तुम्ही कुठून तरी सुरू तर करा."

काकांना ते पटलं. निदान अर्धं पटलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की सगळा कॉम्प्युटर एकदम घ्यायचा नाही, मुहूर्तामुहूर्तानं घ्यायचा. साडेतीन मुहूर्तांवर घेतलेल्या वस्तूला विचार करावा लागत नाही, पंचांग बघावं लागत नाही, दिवसच चांगला असतो. ठरवण्याचं ओझं त्यांनी दिवसावर टाकलं होतं हे मला तेव्हा कळलं. मंजूताई खूश झाली. काही का असेना, वस्तू घरात यायला लागणार होत्या.

दसऱ्याला कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, आणि मदरबोर्ड आला. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ती पाटी. आपट्याची पानं ठेवून डब्याची पूजा झाली. काका डबा उघडून बोर्डालाच कुंकू लावायला निघाले होते, मंजूताईनं हात धरला. दिवाळीच्या पाडव्याला कीबोर्ड आणि माऊस, कारण तो अर्धा मुहूर्त, त्याला किरकोळ वस्तू पुरे. गुढीपाडव्याला रॅम आणि डिस्क. अक्षय्य तृतीयेला पॉवर सप्लाय, म्हणजे वीज अक्षय राहील. प्रोसेसर शेवटी. "मांडव आधी, नवरदेव मागून," काका म्हणायचे. शिवाय उन्हाळ्यात दोन्ही कंपन्यांचे नवे येणार होते, ते बघून पुढच्या दसऱ्याला घ्यायचा. मंजूताईनं पुण्याच्या बाईंना कळवलं, दसऱ्यापर्यंत थांबा. बाई चांगल्या होत्या. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाल्या, त्यापुढं नाही.

त्या वर्षी मी रोज कॉलेजातून आल्यावर खालच्या मधल्या खोलीत डोकावायचे. टेबलावर कॅबिनेट उभं, शेजारी डब्यांवर डबे, सगळ्यांवर काकूंच्या जुन्या साडीचं पांघरूण. म्हातारा लॅपटॉप तिथंच कोपऱ्यात घरघरत असायचा आणि मंजूताई त्याच्यासमोर गालाला हात लावून बसलेली असायची.

दसरा आला. सगळे डबे रिक्षात घालून आम्ही तिघं रफीकभाईंकडं गेलो. काका नवा सदरा घालून आले होते. एवढ्या उशिरानं का होईना, त्यांचं ठरलं होतं. निळ्या डब्याचा, नव्या पिढीतला, मजूर भरपूर आणि ताप बेताचा. रफीकभाईंनी अभिनंदन केलं, प्रोसेसर काढून समोर ठेवला. मग आमच्या डब्यातून बोर्ड बाहेर काढला आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, यात हा बसत न्हाई," ते म्हणाले.

"का बरं? बोर्ड बी निळ्याचंच हाय."

"बोर्ड निळ्याचंच हाय. पण नव्याची बैठक बदलली. ह्या चौकोनात जुनाच बसतो, अन् तो आता यायचा बंद झाला. मी बोललो होतो ना काका, बोर्ड अन् प्रोसेसर दोन्ही संगं घ्या. जोडी असते त्यांची."

"एका सालात बदललं?"

"आमच्यात साल लई झालं, काका."

काकांनी बोर्ड हातात घेतला. एवढे व्हिडिओ पाहिले होते, सगळे त्या चकतीचे. ती कशावर बसते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. नवरदेवाची एवढी चौकशी करणाऱ्या माणसानं मांडव आधी घालून ठेवला होता.

रफीकभाईंनी आतून एक लहान डबी आणली. "ह्या बोर्डात बसणारा एक हाय माझ्याकडं. एका फोटोवाल्यानं वापरलेला. खराबी काय न्हाई, मी स्वतः तपासला. चहा पिऊस्तोवर चालू करून देतो."

"द्या, बसवा," मंजूताई म्हणाली.

"वापरलेला?" काका म्हणाले.

"चालतोय ना बाबा."

"चालायचा सवाल न्हाई. माझ्या पोरीच्या पहिल्या कॉम्प्युटरला मी कुणाचा उतरवलेला बसवू? एवढं थांबलो ते त्याच्यासाठी?"

मंजूताई काउंटरवरच्या त्या डबीकडं बघत होती. ती हळू आवाजात बोलली, पण दुकान लहान होतं, सगळ्यांना ऐकू आलं. "मुदखेडचे मास्तर बी तसेच होते बाबा. मला चालत होते. तुम्हाला इचार करायचा होता."

रफीकभाई पाठ फिरवून तारा गुंडाळायला लागले. काकांनी बोर्ड पिशवीत घातला, पिशवी डब्यात, डब्याचं झाकण नीट लावलं, आणि रिक्षा बघायला बाहेर गेले. मंजूताई त्यांच्यामागून गेली. मला वाटलं होतं ती डबी उचलेल. तिनं उचलली नाही. दुकानात सगळ्यांसमोर बापाला खाली बघायला लावलं होतं, तेवढंच तिला जड झालं होतं.

घरी आल्यावर काका म्हणाले, दुसरं बोर्ड बघू, पण ह्या वेळी पूर्ण चौकशी करून. दिवाळी झाली. पुण्याच्या बाईंनी काम दुसऱ्या कोणाला दिलं. त्यांनी फोनवर वाईट वाटल्याचं सांगितलं आणि ते खरंही असावं. मंजूताई त्या दिवशी जेवली, भांडी घासली, साडीचं पांघरूण झटकून पुन्हा डब्यांवर घातलं. काका जेवताना नव्या बोर्डांबद्दल बोलत होते. ती म्हणाली, "बाबा, मला झोप यायली." आणि उठली. तो विषय त्यानंतर ताटावर निघाला नाही, आणि दुसराही कुठला निघाला नाही.

पुढं माझी बदली आमच्या संस्थेच्या लातूरच्या कॉलेजात झाली. काही महिन्यांनी मंजूताईचा फोन आला, लातूरला एका बिल्डरच्या ऑफिसात जागा आहे असं ऐकलं, खरं का. मी चौकशी करून कळवलं. काका म्हणाले, घाई नको, नांदेडलाच काहीतरी निघंल, लातूरला पाण्याचे हाल असतात, बघू. त्यांचं बघणं चालू असताना ती बॅग घेऊन स्टँडवर गेली आणि समोर लागलेल्या पहिल्या गाडीत चढली. जागा नव्हती, अहमदपूरपर्यंत उभी आली. हे सांगताना ती हसत होती. मला रडू आलं.

काही दिवस ती माझ्याकडं राहिली, मग जवळच खोली घेतली. ऑफिसात तिला मशीन मिळालं. काका दर रविवारी फोन करायचे. तब्येत, पाणी, भाजी, आणि मग, "मशीनमधी प्रोसेसर कुठला हाय?" ती म्हणायची, "माहीत न्हाई बाबा." काकांना पटायचं नाही. "अगं, बघ की डब्यावर. लिहिलेलं असतंय." ती म्हणायची, "बघते." तिनं कधी बघितलं नाही. माझ्यासमोर एकदा फोन ठेवून म्हणाली, "चित्र मधे न अडकता पूर्ण होतंय, एवढं मला पुरे."

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या कामानं नांदेडला गेले, तेव्हा काकांकडं गेले. दार उघडायला बराच वेळ लागला. काका वाळून गेले होते. माडीवरच्या खोलीबाहेर नवी पाटी होती आणि तीही विटायला लागली होती. मला आत बसवून ते म्हणाले, "ये, तुला दाखवतो," आणि मधल्या खोलीत घेऊन गेले.

टेबलावर कॉम्प्युटर उभा होता. पूर्ण जोडलेला, वर मोठा मॉनिटर, तारा सगळ्या मागं सरळ बांधलेल्या. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, दोन्ही जोडीनं घेतलेले. मी विचारलं, कोणत्या मुहूर्तावर घेतला. ते म्हणाले, "मुहूर्त कसला. सकाळी उठलो अन् गेलो. अमावस्या होती बहुतेक."

त्यांनी बटण दाबलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पडदा उजळला. रफीकभाईंच्या माणसानं सगळं बसवून दिलं होतं, फक्त शेवटची पायरी बाकी होती. हा कॉम्प्युटर कोण वापरणार त्याचं नाव टाका, असं पडद्यावर विचारत होतं. काकांनी त्या माणसाला ते टाकू दिलं नव्हतं. माझ्यादेखत त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर शोधून 'मंजू' लिहिलं. "आता तिला फोन लाव. पुढं पासवर्ड मागंल, तो तिच्या मनाचा पाहिजे."

मी फोन लावला, आवाज मोठा केला. मंजूताई ऑफिसात होती. मी सांगितलं, काकांनी कॉम्प्युटर पूर्ण केलाय, तुझं नाव टाकलंय.

ती बोलली, अगदी मऊ, तापलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून बोलावं तशी. "छान केलंत बाबा. पण माझं नाव काढा तिथलं. मी आता न्हाई यायची तिकडं. उगा ते माझी वाट बघत बसंल."

काका म्हणाले, "बरं."

आणि त्यांनी नाव पुसलं. अक्षर अक्षर मागं घेत, पण एकदाही न थांबता, मला विचारल्याशिवाय, तिला पुन्हा विचारल्याशिवाय. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट ताबडतोब करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते आणि ते बघवत नव्हतं. मंजूताई फोनवर होतीच. बोटाचा टक टक आवाज तिलाही ऐकू जात असणार. आवाज थांबल्यावर ती म्हणाली, "जेवलात का बाबा?" काका हो म्हणाले. तिनं फोन ठेवला.

पडद्यावर रिकामा चौकोन उरला, त्यात बारीक उभी रेघ लुकलुकत होती. काका तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "आता कुणाचं टाकू?"

मी म्हटलं, तुमचं टाका ना काका. त्यांनी मान हलवली, हो म्हणाले की नाही ते मला समजलं नाही. ते कीबोर्डवर हात ठेवून तसेच बसले होते, आणि मी लातूरच्या गाडीसाठी निघाले.